दोनदा वजा केलेला तास

दोष आप्पासाहेबांचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरातली वडीलधारी मंडळी असल्या गोष्टी सांगायला बसली की दोष ग्रहांवर ढकलतात, गेल्या जन्मावर ढकलतात, आणि अगदीच कुणी सापडलं नाही तर पोरांवर ढकलतात. इथे ग्रह आपापल्या जागी होते. यंत्राने सांगितलं तेवढंच केलं. शशिकांतने सरळ मराठीत सरळ प्रश्न विचारला होता, आणि आप्पासाहेबांनी चष्मा पुसत पुसत खोटं उत्तर दिलं होतं.

साल पासष्ट. उन्हाळा असा की जयपुरात दुपारी कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून आडोशाला बसायचे. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्यात आप्पासाहेब खांबेटे राहायचे. मूळचे वाईचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तारखात्यात चिकटले ते जयपूरच्याच तारघरात. मग अजमेर, झाशी, नागपूर असं फिरत अधिकारी होऊन परत इथेच आले. माणूस घड्याळाचा वेडा. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्याचा मान घरात फक्त त्यांचा. जेवण वाढायला जरा उशीर झाला की ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघायचे, आणि त्यांची बायको सुमित्राबाई अपराध केल्यासारख्या पोळी वाढायच्या.

मुलं दोन. थोरली रत्नप्रभा, बी.ए. झालेली, लग्नाची. धाकटा शशिकांत. त्याने इंजिनिअरिंगचं कॉलेज मध्येच सोडलं होतं, कारण तिथले प्राध्यापक आपल्या जवानीतल्या वह्या वाचून दाखवत आणि शंका विचारली की वर्गाबाहेर काढत. आप्पासाहेब लोकांना सांगायचे, "सध्या सुट्टीवर आहे." ती सुट्टी दुसऱ्या उन्हाळ्यात शिरली होती.

सुट्टीवरचा हा मुलगा एका संशोधन संस्थेत गणकयंत्रावर काम करायचा. खोलीभर पसरलेलं यंत्र, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डांची चळत त्याच्या तोंडात द्यायची आणि ते काय ओकतं ते बघायचं. राजपुतान्यातल्या जुन्या हवामानाच्या नोंदी त्याच्याकडे आल्या होत्या. कुठे आंधी आली, कुठे गारा पडल्या, कधी. सगळ्या वेळा ग्रीनिचच्या एका मापात आणायच्या. त्यासाठीचा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. घरी तो ऐकवायला माणूस एकच होतं, ताई.

"समज, कुणीतरी लिहिलंय की दुपारी एक वाजता आंधी आली," तो म्हणाला. रत्नप्रभा मागच्या ओट्यावर कैऱ्या सोलत होती. त्याने विचारलं, "कुठलं एक?"

"दुपारचं. तूच म्हणालास ना."

"कुणाच्या घड्याळातलं?"

"भिंतीवरच्या."

"आणि भिंतीवरचं कुणी लावलं?"

"आप्पांनी. दुसऱ्या कुणाची हिंमत आहे?"

"तेच तर! मतलब, नुसतं एक लिहिलं की ते अर्धवटच. कुणाचं घड्याळ ते सोबत पाहिजे. संस्थानांची घड्याळं वेगळी, रेल्वेचं वेगळं. आणि लढाईत सरकारने काय केलं, माहितेय? अख्ख्या देशाची घड्याळं तासभर पुढे केली. घड्याळात एक वाजलाय, आणि खरे बारा. म्हणून त्या वर्षांतली नोंद आली की माझा प्रोग्रॅम आधी एक तास वजा करतो."

"आणि लिहिणाऱ्याने आधीच वजा केला असेल तर?"

शशिकांत हसला. "ताई, तू माझ्या जागी जा नोकरीला. तोच तर खरा धोका. दोनदा वजा झालं की आंधी भलत्याच तासावर जाऊन बसते. जिथे काही घडलंच नव्हतं तिथे."

"किंवा दुसरंच काहीतरी घडलं होतं तिथे," रत्नप्रभा म्हणाली, आणि कैरीची फोड तिने त्याच्या तोंडात कोंबली.

त्याच महिन्यात ग्वाल्हेरच्या मुजुमदारांचं स्थळ आलं. मुलगा सदाशिव, विम्याच्या कचेरीत अधिकारी, शांत आणि देखणा. रत्नप्रभाला तो आवडला होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण तो येऊन गेल्यापासून ती गुणगुणायला लागली होती. अडचण होती ती सदाशिवच्या आईची. विजयालक्ष्मीबाईंचा थोरला मुलगा लग्नानंतर वर्षभरात गेला होता आणि त्याची बायको मंगळाची होती, एवढं त्यांना पुरेसं होतं. मंगळ असलेली मुलगी दारात नको, सोन्याची असली तरी नको. पत्रिका पाठवा, मगच पुढचं बोलू.

आप्पासाहेबांनी पेटी उघडली, बंद केली, आणि सांगून टाकलं की अजमेरच्या बिऱ्हाडात वाळवी लागली तेव्हा जुनी पत्रिका गेली. मग शशिकांतला हाक मारली. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी त्याच्याशी त्याच्या कामाविषयी बोलायचं ठरवलं होतं.

"तुझं ते यंत्र लग्नरास काढील का?"

"ग्रह पंचांगातून उतरवून दिले तर काढील. जन्मवेळ सांगा."

"त्रेचाळीस साल, मे अखेर. इथेच, जयपुरात. दुपारी बारा."

शशिकांतने पेन्सिल थांबवली. "आप्पा, लढाईतली वेळ आहे. हे बारा घड्याळातले, की तुम्ही तास वजा करून सांगताय?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने एक भिंग पुसलं, मग दुसरं.

"घड्याळातले," ते म्हणाले. "आम्ही काय ज्योतिषी आहोत वजा करायला?"

यंत्राने तास वजा केला. बाराचे अकरा झाले. कर्क लग्न आलं, मंगळ नवव्या घरात, कुणाच्या अध्यात न मध्यात. छापलेला कागद ग्वाल्हेरला गेला आणि विजयालक्ष्मीबाई विरघळल्या. "मशीनने काढलीय," त्या शेजारणींना सांगू लागल्या. "भटजी चुकेल, मशीन कशी चुकेल?" मुहूर्तही त्याच कागदावरून धरला. साखरपुडा झाला, आणि त्या दिवसापासून रत्नप्रभा मागे पडायला लागली.

सुरुवातीला सगळे हसले. सुमित्राबाई स्वयंपाकघरातून हाक मारत, "रत्ने, दूध उतरव गं!" आणि रत्नप्रभा समोर बसलेली असून हलायची नाही. दूध उतू जायचं. पुढे कितीतरी वेळाने, सगळे जेवायला बसलेले असताना ती ताटावरून एकदम उठायची. "उतरवते गं आई." आणि थंड चुलीपाशी जाऊन उभी राहायची.

"लग्न ठरलं की पोरी तरंगतातच," आप्पासाहेब म्हणाले. "तू नव्हतीस तशी?"

"मी कुठली तरंगायला," सुमित्राबाई म्हणाल्या.

एका दुपारी शशिकांत गच्चीवर गेला. रत्नप्रभा कुरडया वाळत घालत होती. ऊन डोक्यावर आलं होतं, तापलेल्या चुन्याचा वास नाकात जळत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कठड्याची सावली कठड्याच्या पायाशी गोळा झालेली. पाण्याच्या टाकीची टाकीखाली. त्याची स्वतःची चपलेएवढी. आणि ताईची… ताईची सावली तिच्यापासून पश्चिमेला हातभर गेली होती. दुपार व्हायच्या आधी असते तशी.

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोन माणसं, एक ऊन. एक सावली बुटकी, एक लांब.

"काय रे बघतोस?" तिने विचारलं.

"काही नाही. ताई, जरा… जरा सरक ना इकडे."

ती सरकली. सावली सरकली नाही. ती बराच वेळ तिथेच पडून राहिली, नुसत्या कुरडयांवर. मग संथपणे, कुणीतरी ओढत नेल्यासारखी, तिच्या पायांकडे आली.

  शशिकांतच्या डोक्यात गणित आपलं आपण चालू झालं होतं, ते काही केल्या थांबेना. सावलीवरून वेळ काढायला त्याला कागद लागत नसे. ताईची सावली तासभर मागची होती.

त्याने कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आप्पा म्हणाले असते, कॉलेज सोडलं की असंच होतं. पण संध्याकाळी जे दिसलं ते त्याच्या एकट्यापुरतं राहिलं नाही.

सूर्य बुडाला होता. पश्चिमेकडची लालीसुद्धा विझली होती. सुमित्राबाई देवाजवळ दिवा लावून बाहेर आल्या, आप्पासाहेब आरामखुर्चीत, शशिकांत पायरीवर. रत्नप्रभा तुळशीला पाणी घालत होती. तिच्यामागे आउटहाऊसची पांढरी भिंत काळोखात राखाडी पडत चालली होती. सुमित्राबाईंनी हात जोडले, भिंतीकडे बघितलं, आणि त्यांचे हात जोडलेलेच राहिले.

भिंतीवर सावली होती. काळी, रेखीव, काठ कापून काढल्यासारखे. तांब्या धरलेला हात, कमरेचा बाक, वेणी. उन्हात पडते तशी सावली, आणि ऊन कुठेच नव्हतं.

 तुळशीच्या कट्ट्यावरून पाणी ओघळल्याचा आवाज तेवढा येत राहिला. रत्नप्रभा तांब्या घेऊन आत गेली. भिंतीवरची मात्र वाकलेलीच राहिली, पाणी घालत…

"दिवा आणा," आप्पासाहेब म्हणाले.  "दिवा आणा कुणीतरी…"

शशिकांतने बापाकडे बघितलं. आप्पासाहेब घाबरले होते, पण चकित झाले नव्हते. हा फरक मुलाला कळतो. ज्याला काहीच माहीत नाही तो माणूस 'हे काय?' असं विचारतो. आप्पासाहेबांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"आप्पा, ते बारा घड्याळातले नव्हते."

"सकाळी सकाळी काय हे?"

"तारघरात होता तुम्ही. लढाईचं घड्याळ रोज तारेवरून यायचं तुमच्याकडे. जन्मवेळ लिहिताना तास वजा केल्याशिवाय तुम्हाला घास गेला नसता. घड्याळात एक वाजला होता ना? बोला ना!"

आप्पासाहेब घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाजला होता."

"मग का खोटं बोललात?"

"आठव्यात मंगळ होता तिला." ते एकदम ओरडले. "सिंह लग्न, आठवा मंगळ. जोशीबुवांनी तेव्हाच सांगितलं होतं, पोर तासभर आधी आली असती तर मंगळ टळला असता. तासभर! तुझं यंत्र आपण होऊन तास काढत होतं. काढू दिला. बावीस वर्षांची मुलगी घरात ठेवून बघ, मग शिकव मला. एका तासाने कुणाचं काय जातं?"

ही आमची मोठी माणसं. देशाची घड्याळं नीट लावतील, आणि पोटच्या पोरीचा तास विकून खातील.

शशिकांत स्वयंपाकघरात गेला. सुमित्राबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, तोंडाचा रंग उडालेला.

"अकराची पत्रिका पाठवली?" त्यांनी हळूच विचारलं. "अकराची?"

"हो. काय झालं?"

"अकराला…" त्यांनी दाराकडे बघितलं. "अकराला एक आली होती, शशी. रत्नाच्या आधी. जुळी होती ती."

बाहेर पाखरं ओरडत होती. त्यांचा आवाज तेवढ्यापुरता फार मोठा झाला.

"रडली नाही. दाईने पालथी केली, थोपटली… नाहीच रडली. ह्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. मग फडक्यात गुंडाळून भर उन्हात एकटेच घेऊन गेले. मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. परत आले तेव्हा रत्ना झाली होती. म्हणाले, एकच झाली असं सांगायचं. दोन मुली, त्यातली एक मेलेली, अपशकुनी म्हणतील. मी नाही कधी… मी कुणाला नाही सांगितलं."

"नाव?"

"नाव कुठून ठेवणार? पण वेळ तिचीच आहे ती. मग पत्रिका कुणाची जुळवलीत तुम्ही? कुणाचं लग्न लावताय?"

शशिकांत तसाच संस्थेत गेला. खरी वेळ घालून नवी पत्रिका काढली, कोणाची परवानगी न विचारता. ती आणून बापापुढे टाकली आणि म्हणाला, ग्वाल्हेरला खरं कळवा. लग्न मोडलं तर मोडू दे. आप्पासाहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. वऱ्हाड आग्र्यापर्यंत आलं होतं. आचारी आले होते. मांडवाचे बांबू उभे होते.

"लोकांना काय सांगू?" ते म्हणाले. एवढंच. भिंतीवरची सावली स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस, आणि त्याला भीती लोकांची.

लग्नाच्या आदल्या दिवशी रत्नप्रभा शशिकांतच्या खोलीत आली. हाताला मेंदी. कधी कधी, थोड्या वेळापुरती, ती अशी वेळेवर असायची.

"शशी, मला काय होतंय रे?" ती म्हणाली. "मी येते ना, तोपर्यंत तुमचं सगळं बोलून झालेलं असतं. मी खोलीत येते आणि खोली रिकामी असते. मग मी बोलते, कुणीतरी ऐकेल म्हणून… आणि माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं तिथे. उशी गरम असते. पाट गरम असतो."

"कोण?"

"मला वाटायचं, मीच." तिने त्याचा हात धरला. "मला मागे ठेवून जाऊ नका हं तुम्ही."

"नाही जाणार, ताई."

"मी सदाशिवना हो म्हटलंय. मी म्हटलंय ना? की ते पण दुसऱ्याच कुणी…"



लग्नाच्या दिवशी शशिकांत एकच गोष्ट बघत होता. पिवळ्या अष्टपुत्रीत, मुंडावळ्या बांधून रत्नप्रभा मांडवात आली, तेव्हा त्याने आधी जमिनीकडे बघितलं. मांडवाच्या फटीतून ऊन येत होतं. भटजींची सावली, सदाशिवची सावली, ताईची सावली. तिन्ही एका दिशेला, एका मापाची. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, तिने एका झटक्यात हार घातला. विजयालक्ष्मीबाईंनी काही विचारलं की लगेच उत्तर देत होती. खळखळून हसत होती. आप्पासाहेब मुलाजवळून जाताना म्हणाले, "बघितलंस? काही नाही. उन्हाचं झालं होतं."

पंगती बसल्या. शशिकांत जिलबीचं ताट आणायला आत गेला. मधल्या बोळात ट्रंकांची खोली होती, तिला बाहेरून कडी घातलेली. तिच्यापाशी तो थबकला. आतून बारीक आवाज येत होता, तांदूळ जमिनीवर सांडावेत तसा. मूठभर. थांबून पुन्हा मूठभर. मग बांगड्या किणकिणल्या.

त्याने कडी काढली. आत अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास, एकावर एक ट्रंका. कुणी नव्हतं. पायाखाली मात्र काहीतरी टोचलं. त्याने वाकून उचललं. कुंकू लावलेल्या अक्षता होत्या, ओल्या, हाताच्या घामाने ओलसर झालेल्या.

"अरे जिलबी!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. त्याने दार लावून घेतलं. पुढे आयुष्यभर तो स्वतःला विचारत राहिला की त्या वेळी लग्न लागून किती वेळ झाला होता. त्याला माहीत होतं किती ते.

दिवस मावळतीला टेकला तेव्हा पाठवणी झाली. शालू नेसलेली रत्नप्रभा आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली. शशिकांतला म्हणाली, "भांडू नकोस आप्पांशी." मोटारीत बसली आणि वळून हात हलवला. मोटार फाटकातून वळली, धूळ उडाली, खाली बसली.

पाहुणे पांगले. मांडवात खरकट्या पत्रावळींचा आणि कोमेजल्या झेंडूचा वास राहिला. आप्पासाहेब आरामखुर्चीत पाय लांब करून बसले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर समाधान होतं. सुमित्राबाई खांबाला टेकून डोळे पुसत होत्या. ऊन गेलं. झाडांत काळोख जमू लागला.

तेव्हा आतलं दार वाजलं.

शालू नेसलेली रत्नप्रभा बाहेर आली. कपाळावर मळवट, डोळे रडून सुजलेले. ती सरळ मोकळ्या जागेकडे गेली आणि जिथे मघाशी सुमित्राबाई उभ्या होत्या तिथल्या हवेला तिने मिठी मारली. खांदे हलत होते. मग वळली, आणि आरामखुर्चीशी वाकली.

"आप्पा, येते मी."

आप्पासाहेबांनी पाय वर घेतले. खुर्चीत, पोटाशी. पाण्यात साप दिसावा तसे.

तिचा हात रिकाम्या जमिनीला लागला, मग कपाळाला. ती उठली, पायरीपर्यंत गेली, शशिकांतच्या उजव्या बाजूला, जिथे तो तेव्हा उभा होता, तिथे बघून म्हणाली, "भांडू नकोस आप्पांशी." मग फाटकाकडे बघितलं. मोटार नव्हती.

"गेले?" ती म्हणाली. "मला न घेता?"

ग्वाल्हेरहून तार आली. मुलगी सुखरूप पोचली, सगळे आनंदात.

मग घराचा कारभारच बदलला. आप्पासाहेबांनी माळ्याला काढलं, मोलकरणीला काढलं, दारं लावून घेतली. घरात रत्नप्रभा होती आणि ग्वाल्हेरलाही रत्नप्रभा होती. दोघींना सगळं माहीत. ग्वाल्हेरची लिहायची, शशीला सांग, इथल्या कैऱ्या आंबट नाहीत. घरातलीला शशिकांतने विचारलं, लहानपणी माझा दात कुठे पुरला होतास? तिने उत्तर दिलं नाही. तासाभराने रिकाम्या खोलीतून तिचा आवाज आला. "तुळशीखाली रे, वेड्या." तो ओंजळीत तोंड धरून रडला, कारण ते बरोबर होतं. मग त्याने तेच ग्वाल्हेरला लिहून विचारलं. तिकडून आलेलं उत्तरही बरोबर होतं.

"ताई आहे ती," तो बापाला म्हणायचा. "आपल्याकडे राहिलीय ती ताई आहे. ग्वाल्हेरला जाऊन सांगा त्यांना."

"आणि नसली तर?" आप्पासाहेब म्हणायचे. "तिकडे गेलीय तीच रत्ना असली, तर तिचा संसार मोडू?"

 घरातली जेवायला यायची तेव्हा ते पानावरून उठायचे.

थंडीच्या सुरुवातीला सदाशिव न कळवता आला. कचेरीच्या कामाने आला होता, हातात पेढ्यांचा पुडा. आप्पासाहेबांनी त्याला व्हरांड्यातच बसवलं.

"आप्पा, गोड बातमी आहे," तो लाजत म्हणाला. "आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. सातवा लागला की आणून सोडतो रत्नाला."

"इथे?"

"म्हणजे… माहेर इथेच ना?" सदाशिव हसला. मग त्याने मान वळवली. "आत कोण आहे? बांगड्या वाजल्या."

"कुणी नाही."

"शशी आहे का? सासूबाई?"

"कुणी नाही म्हटलं ना!" आप्पासाहेब उभे राहिले.  "तिला आणू नका. बाळंतपणाला नाही, सणाला नाही. या घरात तिला आणू नका."

सदाशिवचा चेहरा पांढरा पडला. काय चुकलं ते त्याने दोनदा विचारलं. शशिकांत दारात येऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं तशी बापाने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने ते मिटून घेतलं. सदाशिवने पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवला आणि तो गेला. फाटकाशी त्याने एकदा मागे बघितलं.

व्हरांड्यातून कुणीच उठलं नाही. आतून सुमित्राबाईही आल्या, आणि तिघं बसून राहिले, एकमेकांकडे न बघता. कशाची वाट बघताहेत ते तिघांनाही माहीत होतं. तास भरला.

बांगड्या वाजल्या. डोक्यावरून पदर घेऊन रत्नप्रभा बाहेर आली. हातात पाण्याचा पेला. तिने तो पेढ्यांच्या पुड्याशेजारी, रिकाम्या खुर्चीपुढे धरला आणि खाली मान घालून म्हणाली, "अहो… पाणी." हलकंसं हसली. दुसरा हात तिने कमरेवर ठेवला होता, जड चालणाऱ्या बायका ठेवतात तसा. सुमित्राबाईंनी तिच्या पोटाकडे बघितलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला.

ग्वाल्हेरहून पुन्हा ना पत्र आलं, ना माणूस. आप्पासाहेबांची एक मुलगी गेली. कुठली, ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.